पन्नास ओम कुठून येतात?

टीव्हीच्या डिशवरून खाली येणाऱ्या गोल केबलवर '७५ ओम' असे छापलेले असते, वायरलेस सेटच्या केबलवर '५० ओम'. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला चांगल्यातला चांगला मल्टिमीटर घ्या. एक टोक केबलच्या आतल्या तारेला आणि दुसरे बाहेरच्या जाळीला लावा. ७५ दिसणार नाही, ५० दिसणार नाही. सर्किट उघडे आहे एवढेच मीटर सांगेल. एकाच तारेची दोन टोके मोजली तर ओमचा एखादा अंश दिसेल. म्हणजे कारखान्याने छापलेला आकडा खोटा का? खोटा नाही. तो आकडा ज्या क्षणाविषयी आहे, तो क्षण मल्टिमीटर नजर टाकण्याच्या आतच संपून गेलेला असतो.

तो क्षण लांबवायचा तर केबल लांबवावी लागेल. समजा, ५० ओमची केबल थेट चंद्रापर्यंत टाकली आणि तारेतली झीज शून्य धरली. अशा केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने धावतो, म्हणजे चंद्र गाठायला त्याला दोन सेकंदांच्या आसपास लागतील आणि तिथली खबर परत यायला तितकाच वेळ. या जवळजवळ चार सेकंदांत आपल्या मल्टिमीटरवर खरोखर ५० ओम दिसतील. पलीकडचे टोक उघडे आहे, जोडलेले आहे की शॉर्ट आहे, हे इकडे अजून कोणालाच माहीत नाही. सिग्नल पुढे सरकताना केबलचा एकेक तुकडा भारित करतो, त्या तुकड्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे करतो आणि त्यासाठी ठरावीक प्रवाह ओढून घेतो. विजेचा दाब भागिले तो प्रवाह, म्हणजे हे ५० ओम. यालाच कॅरेक्टरिस्टिक इम्पिडन्स म्हणतात.

गणितात तो दर सेंटिमीटरचा इंडक्टन्स भागिले दर सेंटिमीटरचा कपॅसिटन्स, आणि त्या भागाकाराचे वर्गमूळ, एवढाच आहे. दोन्हीकडचे 'दर सेंटिमीटर' एकमेकांना काटतात, म्हणून केबल हातभर असो वा गावभर, आकडा तोच. यात ऊर्जा उष्णता होऊन वाया जात नाही, ती केबलमध्ये साठत पुढे जाते. रेझिस्टन्स आणि इम्पिडन्स दोन्ही ओममध्येच मोजतात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा हमखास घोटाळा होतो. त्यात त्याचा दोष नाही.

हे सारे समुद्राखालच्या तारांनी शिकवले. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश तिच्यातून पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले, आणि सिग्नल जोरात जावा म्हणून प्रचंड दाब दिल्यावर ती काही आठवड्यांतच कायमची गप्प झाली. लांब तार म्हणजे नुसता रेझिस्टन्स नव्हे, हे त्यानंतर सर्वांना कळले. पण तारेतला इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स दोन्ही धरून समीकरणे पूर्ण केली ती ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज माणसाने. तो एका तार कंपनीत ऑपरेटर होता, महाविद्यालयात कधी शिकला नाही, आणि चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसून गणित करू लागला. आज मोबाइलमधला प्रत्येक बोर्ड त्याच्या त्या समीकरणांवर चालतो.

आता प्रश्न असा, की हातभर लांबीच्या प्रिंटेड सर्किट बोर्डावर समुद्रतळाचे गणित का आणायचे? कारण लांब आणि आखूड हे सेंटिमीटरवर ठरत नाही. सिग्नल बदलायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्या वेळात तो किती अंतर जातो, यावर ते ठरते. एका नॅनोसेकंदात प्रकाश हवेतून ३० सेंटिमीटर जातो. एफआर-४ या नेहमीच्या काच-इपॉक्सी बोर्डाच्या वरच्या थरावर सिग्नल साधारण १६ ते १७ सेंटिमीटर जातो, आतल्या थरात १४ ते १५. एखाद्या चिपचा सिग्नल शून्यावरून एकावर जायला एक नॅनोसेकंद घेत असेल, तर त्या अंतराच्या सहाव्या भागापेक्षा, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरपेक्षा लांब ट्रॅक हा तांब्याचा नुसता पट्टा राहत नाही. तो ट्रान्समिशन लाइन होतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण अनुभवी माणसेही इथे फसतात. घड्याळाची वारंवारता किती आहे, याला इथे फारसा अर्थ नाही. 'माझा क्लॉक फक्त दहा मेगाहर्ट्झ आहे, मला इम्पिडन्स कशाला हवा?' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. सेकंदाला एकदाच बदलणारा सिग्नलसुद्धा बदलताना नॅनोसेकंदात बदलत असेल, तर त्या नॅनोसेकंदापुरता तो वेगवानच. चिप बनवणारे वर्षागणिक ट्रान्झिस्टर लहान करत जातात आणि सिग्नलच्या कडा तीक्ष्ण होत जातात, म्हणजे बदल आणखी झटपट होतो. पुष्कळदा भाग क्रमांक तोच राहतो, आतली सिलिकॉनची चकती मात्र नवी असते. दहा वर्षे बिनतक्रार चाललेला बोर्ड नव्या खेपेच्या चिप्स लावल्यावर अचानक रुसतो तो यामुळे.

रुसतो म्हणजे नेमके काय होते? जाड सोलाला बारीक सुतळी बांधा आणि सोलाला झटका द्या. लहर गाठीपर्यंत येते, थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. इम्पिडन्स बदलला की विजेचेही हेच होते. आकड्यांत पाहू. ३.३ व्होल्टची चिप आहे, तिचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स २० ओम, ट्रॅक ५० ओमचा. पहिल्या क्षणी दाब २० आणि ५० या प्रमाणात वाटला जातो आणि ट्रॅकवर सुमारे २.३६ व्होल्टची लाट निघते. पलीकडच्या चिपचा पाय जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणजे ते टोक उघड्यासारखेच. तिथे लाट पूर्ण परत फिरते आणि दाब दुप्पट होतो, ४.७ व्होल्ट. ३.३ व्होल्टच्या पायावर ४.७! परतलेली लाट मूळ चिपवर आपटून उलटी होऊन पुन्हा येते, आणि पलीकडचा दाब २.७ वर घसरतो, मग ३.५६ वर चढतो, असे हेलकावे खात शेवटी ३.३ वर स्थिरावतो. ऑसिलोस्कोपवर याला रिंगिंग म्हणतात. घसरलेला दाब 'एक' आणि 'शून्य' यांच्या मधल्या पट्ट्यात शिरला, तर एकाच क्लॉकची पलीकडे दोनदा गणती होते आणि सॉफ्टवेअरवाले मित्र आठवडाभर त्यांच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात.

उपाय चार आण्याचा आहे. निघणाऱ्या चिपच्या पायाला अगदी लागून ३३ ओमचा रेझिस्टर घाला. २० आणि ३३ मिळून ५३, म्हणजे ट्रॅकच्या ५० च्या जवळपास. आता लाट १.६ व्होल्टचीच निघते, उघड्या टोकावर दुप्पट होऊन ३.२ होते, आणि परत आलेली लाट ५३ ओममध्ये मुकाट विरून जाते. पण हा रेझिस्टर ३३ चा घ्यायचा हे ठरवण्याआधी ट्रॅक ५० ओमचा आहे हे ठाऊक हवे. खरे गणित इथून सुरू होते.

बोर्डाच्या वरच्या थरावरचा ट्रॅक आणि त्याच्या खाली ग्राउंडचा अखंड पत्रा, या रचनेला मायक्रोस्ट्रिप म्हणतात. १९५२ मध्ये ग्रीग आणि एंगेलमन या दोन अभियंत्यांनी तिच्यावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला. तिचा इम्पिडन्स चार गोष्टींवर ठरतो: ट्रॅकची रुंदी, तांब्याची जाडी, ट्रॅक ग्राउंडपासून किती उंच आहे, आणि मधल्या पदार्थाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक. रुंदी वाढवली की कपॅसिटन्स वाढतो आणि इम्पिडन्स उतरतो. उंची वाढवली की उलट होते. पुस्तकांत आणि मोफत कॅल्क्युलेटरांत सर्वांत जास्त आढळणारे सूत्र असे:

इम्पिडन्स = [८७ ÷ √(स्थिरांक + १.४१)] × लॉग [५.९८ × उंची ÷ (०.८ × रुंदी + जाडी)]

लॉग म्हणजे इथे नैसर्गिक लॉगॅरिदम. हे आकडे पाहून वाटते की निसर्गाने कुठेतरी ८७ आणि ५.९८ कोरून ठेवले असावेत. तसे काही नाही. १९६७ मध्ये एच. आर. कॉप या अभियंत्याने हे सूत्र मांडले आणि त्याची युक्ती साधी होती. गोल तार सपाट ग्राउंडवर टांगली तर तिचा इम्पिडन्स माहीत असतो: ६० भागिले स्थिरांकाचे वर्गमूळ, गुणिले लॉग (४ × उंची ÷ व्यास). कॉपने चपट्या ट्रॅकला समतुल्य अशी गोल तार मानली आणि तिचा व्यास ०.६७ × (०.८ रुंदी + जाडी) धरला. ४ भागिले ०.६७ म्हणजे साधारण ५.९८. ट्रॅकच्या खाली बोर्ड आणि वर हवा, म्हणून सिग्नलला भासणारा स्थिरांक दोन्हींच्या मधला कुठलातरी असतो. तो त्याने ०.४७५ × स्थिरांक + ०.६७ असा प्रयोगातून बसवला. ६० ला ०.४७५ च्या वर्गमुळाने भागा, ८७ येतात, ०.६७ ला ०.४७५ ने भागा, १.४१ येतात. गूढ संपले.

पण युक्तीची मर्यादाही याच आकड्यांत दडलेली आहे. बोर्डाऐवजी सगळीकडे हवाच असेल तर भासणारा स्थिरांक १ यायला हवा. या सूत्रात तो १.१४ येतो. आणि ट्रॅक उंचीच्या साडेसात पटींपेक्षा रुंद झाला की लॉगच्या आतला आकडा एकाहून लहान होतो आणि उत्तर ऋण येते. ऋण ओमचा ट्रॅक! कॅल्क्युलेटर मात्र न लाजता तो दाखवतो. रुंदी उंचीच्या दुपटीच्या आत असेल तेव्हाच हे सूत्र वापरावे असे म्हणतात ते म्हणूनच. व्हीलर आणि त्यानंतर १९७५ मध्ये हॅमरस्टॅड यांनी याहून पुष्कळ काटेकोर सूत्रे दिली, आणि आज चांगले सॉफ्टवेअर विद्युतक्षेत्राची समीकरणे थेट सोडवून उत्तर देते.

एक उदाहरण करू. चार थरांच्या नेहमीच्या बोर्डात वरच्या ट्रॅकपासून खालच्या ग्राउंडपर्यंतची उंची ०.२ मिलिमीटर, तांबे ०.०३५ मिलिमीटर, स्थिरांक ४.३. सूत्रात घातले की ०.३३५ मिलिमीटर रुंदीला बरोबर ५० ओम येतात. हेच आकडे हॅमरस्टॅडच्या सूत्रात तांब्याच्या जाडीची दुरुस्ती करून घाला, साधारण ५१.५ येतील. म्हणजे दोन सूत्रांत दीड ओमचा फरक. इंटरनेटवर कोणते कॅल्क्युलेटर अचूक यावर तासन्तास वाद चालतात ते या दीड ओमसाठी.

आता दुसरा हिशेब पाहा, ज्यावर वाद कोणी घालत नाही. तीच रुंदी ठेवा आणि उंची ०.२ ऐवजी ०.१८ झाली असे धरा: ४६ ओम. ०.२२ झाली तर साडेत्रेपन्न. रुंदी दहा टक्क्यांनी कमी झाली तरी सुमारे साडेत्रेपन्न, वाढली तर ४७. स्थिरांक मात्र ४.३ वरून ४.६ वर गेला तरी उत्तर जेमतेम सव्वा ओमने हलते. ज्या स्थिरांकाची सगळे काळजी करतात तो सर्वांत कमी त्रास देतो. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका बदल, जो डोळ्यांना दिसतही नाही, तो सूत्रांमधल्या फरकाच्या दुपटीहून अधिक उलथापालथ करतो. आणि हा बदल डिझायनरच्या हातात नसतो, तो कारखान्यात होतो.

कारखान्यात काय होते ते पाहण्यासारखे आहे. ट्रॅक आणि ग्राउंड यांच्या मध्ये प्रीप्रेग असते: काचेचे कापड, त्यात अर्धवट सुकवलेले इपॉक्सी. उष्णता आणि दाब देऊन थर एकत्र दाबले की इपॉक्सी वितळून आतल्या थरातल्या ट्रॅकांमधल्या फटींत शिरते. आतल्या थरावर तांबे भरपूर असेल तर फटी कमी आणि प्रीप्रेग जाड राहते. तांबे विरळ असेल तर ते पातळ होते. म्हणजे तुमची ०.२ मिलिमीटर उंची तुम्ही आतल्या थरावर काय काढले आहे त्यावर थोडीफार ठरते. मग रसायनाने तांबे खरवडताना ट्रॅकच्या कडा सरळ उभ्या राहत नाहीत, तळाशी रुंद आणि माथ्याला अरुंद असा उतार येतो. बाहेरच्या थरावर भोके मुलामा देऊन वाहक करताना ट्रॅकवरही तांबे चढते, त्यामुळे '३५ मायक्रॉन' हा आकडा सर्व ठिकाणी सारखा नसतो. शेवटी वर हिरवा सोल्डरमास्क लागतो आणि इम्पिडन्स आणखी एक ते तीन ओम खाली आणतो. काचेचे धागे आणि इपॉक्सी यांचे स्थिरांकही वेगळे, काचेचा ६ च्या आसपास, इपॉक्सीचा ३ च्या आसपास. अतिवेगवान सिग्नलांच्या जोडीत एक ट्रॅक धाग्यावरून आणि दुसरा धाग्यांमधून गेला तर दोघांच्या वेगात फरक पडतो.

म्हणून कारखाने इम्पिडन्सची हमी देताना सहसा ±१० टक्के म्हणतात. ५० ओम मागितले तर ४५ ते ५५ मधले काहीही तुमच्या माथी येऊ शकते. यूएसबी २.० च्या मानकात ९० ओम ±१५ टक्के आहे, कारण ते लिहिणाऱ्यांना कारखाना ठाऊक होता.

यूएसबीचा उल्लेख आला तर जोडीच्या ट्रॅकांविषयीही बोलले पाहिजे, कारण तिथे एक सोपा वाटणारा हिशेब चुकतो. यूएसबीला दोन ट्रॅकांमध्ये मिळून ९० ओम हवेत. इथरनेट आणि एचडीएमआयला १००. मग प्रत्येक ट्रॅक ४५ ओमचा करायचा का? दोन्ही ट्रॅक एकमेकांपासून खूप दूर असतील तरच. ते जवळ असले की एकमेकांवर परिणाम करतात आणि जोडीचा इम्पिडन्स उतरतो. त्यासाठीचे प्रचलित सूत्र असे: जोडीचा इम्पिडन्स = २ × एकट्याचा × (१ − ०.४८ × ई चा घातांक [−०.९६ × फट ÷ उंची]). फट उंचीइतकीच ठेवली तर कंसातली किंमत ०.८१६ येते, आणि ९० साठी एकटा ट्रॅक ५५ ओमचा लागतो. वरच्याच बोर्डावर हे ०.२९ मिलिमीटर रुंदी आणि ०.२ फट घेतल्यावर साधते.

दोन थरांच्या स्वस्त बोर्डावर हे सगळे अवघड होते, आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प याच बोर्डांवर होतात. १.६ मिलिमीटर उंचीवर ५० ओमसाठी ट्रॅक जवळजवळ तीन मिलिमीटर रुंद लागतो. वायफाय मॉड्यूलपासून अँटेनापर्यंत सवयीने ०.२ मिलिमीटरचा ट्रॅक ओढला, तर तो १४० ओमच्या पुढे जातो आणि मग पल्ला कमी का पडला म्हणून अँटेनाला दोष दिला जातो. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ ग्राउंड आणले तर रुंदी बरीच कमी करता येते. नाहीतर ट्रॅक इतका आखूड ठेवावा की प्रश्नच उद्भवू नये. बारा मिलिमीटरचा चुकीच्या इम्पिडन्सचा ट्रॅक हा बारा सेंटिमीटरच्या 'बरोबर' ट्रॅकपेक्षा पुष्कळदा बरा.

एक गोष्ट मात्र कोणत्याच कॅल्क्युलेटरमध्ये भरायला जागा नसते, आणि माझ्या मते बिघडलेल्या बोर्डांत खरी गुन्हेगार तीच. सगळी सूत्रे खालचा ग्राउंड अखंड आहे असे गृहीत धरतात. सिग्नलचा परतीचा प्रवाह ग्राउंडमधून वाटेल तिकडून परतत नाही. वेग जास्त असला की तो ट्रॅकच्या अगदी खालून, त्याची सावली होऊन परततो. अशा ठिकाणी ग्राउंडमध्ये चीर असली, कुणी तिथून दुसरा ट्रॅक नेला असला किंवा कनेक्टरच्या भोकांनी पत्रा कापला असला, तर परतीच्या प्रवाहाला वळसा घालावा लागतो. तिथे इंडक्टन्स वाढतो, इम्पिडन्स उसळतो, आणि तो वळसा छोट्या अँटेनासारखा आजूबाजूला गोंगाट पसरवू लागतो. ५०.० की ५१.५ यावर तास घालवून नंतर क्लॉकचा ट्रॅक बिनदिक्कत ग्राउंडच्या चिरेवरून नेणारे बोर्ड मी पाहिले आहेत. त्या चिरेवर हॅमरस्टॅडही काही करू शकत नाही. व्हायामधून, म्हणजे मुलामा दिलेल्या भोकातून, ट्रॅक दुसऱ्या थरावर नेला तर शेजारी ग्राउंडचाही व्हाया द्यावा, तो याचसाठी.

मग हे मोजायचे कसे, मल्टिमीटर तर निरुपयोगी ठरला? टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर नावाचे यंत्र ट्रॅकमध्ये अतितीक्ष्ण कड सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून कुठल्या मिलिमीटरला इम्पिडन्स किती आहे याचा आलेखच काढते. कारखाने प्रत्यक्ष बोर्ड मोजत नाहीत. पॅनेलच्या कडेला त्याच थरांचे, त्याच रुंदीचे चाचणीपट्टे काढतात आणि ते मोजून अहवाल देतात. अहवाल मागितला तरच मिळतो, आणि बहुधा त्याचे पैसे पडतात.

आकडा ५०च का, हा प्रश्न उरतोच. हवा भरलेल्या गोल केबलमध्ये झीज सर्वांत कमी ७७ ओमला होते आणि जास्तीत जास्त शक्ती ३० ओमला पेलते. ५० ही मधली तडजोड, आणि आता टीव्ही सोडला तर बहुतेक यंत्रे तिच्यावरच बेतलेली आहेत. बोर्डावर ५० ऐवजी ५५ ठेवले तरी आभाळ कोसळत नाही, फक्त संपूर्ण ट्रॅकभर तो तेवढाच राहिला पाहिजे आणि टोकाचा रेझिस्टर त्याला जुळला पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेगवान बोर्डाचा पहिला ट्रॅक ओढण्याआधी ज्याच्याकडे तो बनवणार त्या फॅब्रिकेटरला विचारा: चार थरांची तुमची नेहमीची रचना कोणती, दाबल्यानंतर प्रीप्रेगची जाडी किती राहते, बाहेरचे तांबे मुलाम्यासह किती होते, आणि ५० ओमला व ९० ओमच्या जोडीला तुम्ही किती रुंदी धरता. उत्तर आल्यावरच कॅल्क्युलेटर उघडा, आणि ऑर्डरमध्ये कोणत्या थरावरच्या, कोणत्या रुंदीच्या ट्रॅकला किती ओम ±१० टक्के हवेत ते लेखी द्या.